अर्धी मर्यादा

वर्षाला सहा लाख रुपये कमावणारं कुटुंब ‘अत्यल्प उत्पन्न गटात’ कसं बसतं? म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, सोडत जाहीर झाली की हा प्रश्न हमखास वर येतो आणि दोन तट पडतात. एक तट म्हणतो, महिना पन्नास हजार घरात येणाऱ्याला गरीब ठरवून सरकारने खऱ्या गरिबाच्या तोंडचा घास काढला. मर्यादा पुन्हा खाली आणा. दुसरा म्हणतो, पन्नास हजारांत मुंबईत संसार करून दाखवा आणि मग बोला. मर्यादा आणखी वर न्या, नाहीतर काढूनच टाका. पहिल्याला दुसरा स्वार्थी वाटतो, दुसऱ्याला पहिला अडाणी. गंमत अशी की दोघांचं भांडण एकाच आकड्यावर चाललेलं असतं: अर्जदाराची मिळकत किती असावी. घराची किंमत किंवा भाडं किती असावं, हा त्याच्याच जोडीचा दुसरा आकडा. त्याबद्दल दोन्ही तट गप्प.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. उत्पन्नाची मर्यादा हा निम्माच नियम आहे. ती मर्यादा आणि घराचा महिन्याचा बोजा, मग त्याला हप्ता म्हणा की भाडं, हे दोन्ही एका दाव्याला बांधलेले असतील तरच त्या मर्यादेला काही अर्थ येतो. आपल्याकडे माणसाला मर्यादा आहे, किमतीला नाही. शिवाय विकायच्या घराला हे दावं फार काळ बांधून ठेवताच येत नाही. भाड्याच्या घराला येतं. म्हणून सरकारी पैशातून किंवा सरकारी जमिनीवर गरिबासाठी जी घरं होतात, त्यातली सर्वांत खालच्या गटाची घरं विकू नयेत, भाड्याने द्यावीत, आणि भाडं राहणाऱ्याच्या मिळकतीवर ठरवावं.

आता आकडे. २०२२च्या मेपर्यंत अत्यल्प गटाची मर्यादा महिना २५,००० रुपये होती, अल्प गटाची ५०,००० आणि मध्यम गटाची ७५,०००. त्या महिन्यात शासनाने हे सगळं बदललं. मुंबई महानगर प्रदेशात आणि पुणे-नागपूरसारख्या मोठ्या शहरांत आता वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ६ ते ९ लाख अल्प, ९ ते १२ लाख मध्यम आणि त्यापुढे उच्च. उरलेल्या महाराष्ट्रात अत्यल्प गट साडेचार लाखांवर थांबतो, अल्प गट साडेसातवर. कुटुंब म्हणजे पती आणि पत्नी. सोबत राहणारे आईवडील किंवा कमावता भाऊ हिशेबात नाहीत. खालच्या गटातल्याला वरच्या गटाच्या घरासाठी अर्ज करायची मुभा आहे, वरच्याला खाली उतरता येत नाही. मुभा म्हणून हे छान दिसतं. ज्याला अत्यल्प गटातलं घर परवडत नाही त्याला उच्च गटातल्या घरासाठीही अर्ज भरता येतो, यात त्याचं नेमकं काय भलं झालं ते मात्र कुणी सांगत नाही.

गोरेगावच्या पहाडी भागातला प्रकल्प घ्या. २०२३च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत एकूण ४,०८२ घरं होती. त्यातली १,९४७ पहाडीतली, पंतप्रधान आवास योजनेखालची, अत्यल्प गटासाठी. किंमत तीस लाखांच्या थोडी वर. या योजनेच्या मूळ नियमाप्रमाणे अर्जदाराचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं होतं. हिशेब कागदावर मांडून बघा. तीन-साडेतीन लाख पदरचे घातले आणि २७ लाखांचं कर्ज काढलं, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं, तर हप्ता येतो साधारण २३,४०० रुपये. तीन लाखवाल्याची महिन्याची मिळकत २५,०००. हप्ता भरून हातात सोळाशे रुपये. त्यात सोसायटीचा देखभाल खर्च, किराणा, शाळेची फी, लोकलचा पास. असलं कर्ज कुठली बँक देईल? ही अडचण दिसत होतीच, म्हणून मुंबई महानगर प्रदेशापुरती या योजनेची मर्यादा ३ लाखांवरून ६ लाखांवर नेण्याची मंजुरी केंद्राकडून आणण्यात आली. घर तेच, किंमत तीच. किमतीला माणूस पुरेना, म्हणून माणूस बदलला. नव्या मर्यादेच्या अगदी काठावर असलेल्या, महिना पन्नास हजार कमावणाऱ्या कुटुंबालाही हा हप्ता मिळकतीच्या ४७ टक्के पडतो. चाळीस हजारवाल्याची गोष्टच सोडा.

वरच्या गटांत हे आणखी विनोदी होतं. २०२४च्या सोडतीत २,०३० घरांसाठी एक लाखाहून जास्त लोकांनी अनामत रक्कम भरली. जाहिरात आली तेव्हा अल्प गटातल्या काही घरांच्या किमती कोटीच्या पलीकडे होत्या. ओरड झाली, आणि ३७० घरांच्या किमती १० ते २५ टक्क्यांनी उतरवाव्या लागल्या. एक कोटीच्या घरासाठी ९० लाखांचं कर्ज धरलं तर वरच्याच दराने हप्ता ७८,००० रुपयांच्या आसपास जातो. अल्प गटातल्या माणसाची कायद्याने परवानगी असलेली जास्तीत जास्त मिळकत महिना ७५,०००. म्हणजे त्या घराला पात्र राहून जास्तीत जास्त जेवढं कमावता येतं त्याहून हप्ताच मोठा. मग ही घरं घेतं कोण? ज्याच्या कागदावर नऊ लाख आहेत पण हाताशी वडिलोपार्जित जमिनीचे पैसे आहेत तो. ज्याचा धंदा रोखीचा आणि विवरणपत्र सोयीचं आहे तो. किंवा ज्याला भाऊबंद मिळून पैसे घालतात आणि नाव फक्त एकाचं असतं तो. मी या कुणालाही चोर म्हणत नाही. नियमच असा केलाय की खरोखर नऊ लाखच असलेला माणूस गाळला जावा.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं प्रामाणिकपणे ऐकायला हवं, कारण त्यात दम आहे. पहिली गोष्ट, जुन्या मर्यादा खरोखरच हास्यास्पद झाल्या होत्या. पती सुरक्षारक्षक आणि पत्नी पाळणाघरात कामाला असेल तरी दोघांची बेरीज २५,०००च्या पुढे जायची आणि ते कुटुंब ‘अत्यल्प’च्या बाहेर पडायचं. २०२२मध्ये मर्यादा वाढवणं बरोबरच होतं. खरं तर ती दर वर्षी महागाईप्रमाणे आपोआप सरकायला हवी, दहा-दहा वर्षांनी शासन निर्णयाचा मुहूर्त कशाला? दुसरी गोष्ट, म्हाडाला सरकारच्या तिजोरीतून घरं बांधायला पैसे येत नाहीत. ती विकून आलेल्या पैशातून पुढची बांधते. खर्च वसूल झाला नाही तर पुढची सोडतच नाही. हे खरं आहे, आणि ‘गरिबाला फुकट द्या’ म्हणणारे हे सोयीने विसरतात.

पण खर्च म्हणजे कोणता खर्च? मुंबईत घराच्या किमतीतला मोठा वाटा सिमेंट-सळईचा नसतो, जमिनीचा असतो; आणि म्हाडाच्या वसाहतींच्या जमिनी आजच्या बाजारभावाने घेतलेल्या नाहीत, पन्नास-साठ वर्षांपूर्वी सार्वजनिक कामासाठी म्हणून आलेल्या आहेत. पुनर्विकासात विकासकाकडून वाट्याला येणाऱ्या घरांसाठी तर म्हाडाने जमीन विकत घेतलेलीच नसते. तरीही किंमत ठरवताना डोळा रेडी रेकनरवर, मालमत्तेच्या सरकारी दरतक्त्यावर, म्हणजे फिरून बाजारावरच. त्या ३७० घरांच्या किमती एका घोषणेने खाली आल्या. खर्चाची सीमा इतकी कडक असती तर पंचवीस टक्के कुठून सुटले? वसूल होत होता तो सगळाच्या सगळा खर्च नव्हता, एवढं त्यातून कळतं.

किंमत बांधून देणं अशक्य आहे, असंही नाही. आपल्याच राज्यात ते चालू आहे. २०१३पासून दहा लाखांहून जास्त लोकवस्तीच्या महापालिकांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करणाऱ्या बिल्डरला २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प गटासाठी ठेवावी लागतात. त्या घरांची किंमत सूत्राने ठरते: रेडी रेकनरमधला बांधकामाचा दर, अधिक पंचवीस टक्के. जमिनीचा भाव त्यात येत नाही. बिल्डर कुरकुर करतात, पळवाटा काढतात, भूखंडाचे तुकडे पाडून ४,०००च्या खाली राहायच्या युक्त्या लढवतात. पण जी घरं येतात त्यांच्यावर उड्या पडतात. कोकण मंडळाच्या सोडतीत ठाणे-कल्याणच्या या २० टक्क्यांतल्या घरांना अर्जांचा पाऊस आणि विरार-बोळींजला म्हाडाने स्वतः बांधलेली हजारो घरं वर्षानुवर्षं गिऱ्हाईकाविना, असं चित्र आपण पाहिलं. बोळींजची शेवटी ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ म्हणून विकायला काढावी लागली. दोन्हीकडे उत्पन्नाचे गट ठरलेलेच होते. फरक किमतीचा, पाण्याचा आणि स्टेशनापासूनच्या अंतराचा होता.

अर्ध्या मर्यादेची ही खोड आपल्याला नवी नाही. फक्त मागच्या वेळी उरलेली अर्धी लावली होती. १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आठवा. १ सप्टेंबर १९४०ला खोलीचं जे भाडं होतं ते ‘प्रमाण भाडं’ ठरलं आणि तिथेच गोठलं. युद्धानंतरच्या टंचाईत लाखो लोकांना त्याने रस्त्यावर येण्यापासून वाचवलं, हे कुणी नाकारू नये. पण त्या कायद्याने भाड्याला मर्यादा घातली आणि भाडेकरूला काहीच विचारलं नाही. गिरगावातल्या एका विधवेच्या दोन खोल्या आणि फोर्टमधल्या कंपनीचं प्रशस्त ऑफिस, दोघांना सारखंच संरक्षण. भाडं महागाईशी बांधलं नाही, भाडेकरूच्या ऐपतीशी बांधलं नाही. एका तारखेशी बांधलं. मालकाने दुरुस्ती सोडली, पागडीचा काळा बाजार उभा राहिला, इमारती खचल्या. १९६९मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ आणि उपकर आणावा लागला. एकोणीस हजारांवर इमारती त्याखाली आल्या. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की गोठलेलं भाडं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे. मग १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २०००पासून लागू झाला, वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. त्यातच आणखी एक कलम आलं: बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना या कायद्याचं संरक्षण नाही.

त्या कलमाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं. भाड्याला मर्यादा घालायची तर भाडेकरूची ऐपत बघावी लागते, ही कबुली द्यायला विधिमंडळाला बावन्न वर्षं लागली. आता ऐपत बघायची तर किमतीलाही मर्यादा घालावी लागते, हे कबूल करायला आणखी किती?

मी स्वतः हाऊसिंग बोर्डाच्या एका वसाहतीत वाढलो. घर भाड्याचं होतं. आमच्याकडे भाड्याच्या पावत्यांचं एक लांबट पुस्तक होतं आणि ते रेशनकार्डाइतकंच जपून, कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलेलं असे. १९४८ला मुंबई गृहनिर्माण मंडळ झालं, १९५२ला केंद्राने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आणली, आणि पन्नास-साठच्या दशकांत मुंबईत अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतली पुष्कळ घरं भाड्याची होती. भाडं कामगाराला झेपेल एवढंच असावं म्हणून अनुदान होतं. पुढे ती घरं राहणाऱ्यांना मालकीहक्काने विकली गेली. आमच्या वडिलांना त्या दिवशी झालेला आनंद मला आठवतो आणि तो खोटा होता असं म्हणायची माझी छाती नाही. पण हिशेब म्हणून बघितलं तर काय झालं? त्या पिढीतल्या एका कुटुंबाला घर मिळालं, आणि पुढच्या पिढीतल्या कामगारासाठी ते कायमचं संपलं. पुनर्विकास होऊन आज तिथे उभ्या राहणाऱ्या इमारतींत नवा फ्लॅट घ्यायचा तर तो गिरणीतल्या नव्हे, बँकेतल्या नोकरदारालाही जड जातो.

विक्रीची अडचण इथे आहे. उत्पन्न हे वर्षाचं असतं, मालकी जन्माची. अर्ज भरल्याच्या वर्षी ज्याची मिळकत ५ लाख ९९ हजार होती त्याला घर मिळतं. पाच वर्षं विकता येत नाही, पुढे बाजारभावाने विकता येतं. त्याची मिळकत तोवर तिप्पट झाली तरी कुणी विचारत नाही. शेजारच्याची ६ लाख १ हजार होती, कारण त्या वर्षी महागाई भत्त्याची थकबाकी एकदम हातात पडली, तो बाद. एका कागदावरच्या दोन हजारांनी आयुष्यभराच्या मालमत्तेचा निकाल. याला मी धोरण म्हणणार नाही. सोडतीच्या आत दडलेली ती आणखी एक सोडत आहे.

मर्यादा काढून टाका म्हणणाऱ्यांचा सगळ्यात टोकदार मुद्दा याच जागेवरचा आहे: मर्यादा लोकांना खोटं बोलायला शिकवते. अगदी खरं. फॉर्म १६ असलेल्या नोकरदाराचा रुपया न् रुपया दिसतो, गाळेवाल्याचा तो दाखवेल तेवढाच. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कसा निघतो हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पण लोक खोटं बोलतात ते एका पायरीवर सगळं अवलंबून असतं म्हणून. सहा लाखांच्या अलीकडे घर, पलीकडे शून्य, अशी उभी कडा केली की माणूस कागद वाकवणारच. त्या जागी उतार केला तर? मिळकत दोन हजारांनी जास्त निघाली तर भाडं महिन्याला पन्नास रुपयांनी वाढेल, एवढाच फरक असेल तर त्या पन्नास रुपयांसाठी कोण दाखल्यामागे धावेल? उतार भाड्याला जमतो. विक्रीला जमत नाही, कारण किंमत एकदाच ठरते.

‘सरकार घरमालक म्हणून नालायक आहे’ हा आक्षेप मात्र मला रात्री झोपू देत नाही. संक्रमण शिबिरांत घुसलेले लोक, वर्षानुवर्षांची थकलेली भाडी, न बदललेले ड्रेनेजचे पाइप, मतांसाठी माफ होणारी व्याजं: हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) २००८मध्ये भाड्याच्या घरांची योजना आणली, १६० चौरस फुटांच्या खोल्यांची. ती भाड्याने द्यायची योजना म्हणून टिकलीच नाही. पनवेलजवळ कोनला अशाच दोन-दोन खोल्या जोडून केलेली घरं शेवटी २०१६च्या सोडतीत गिरणी कामगारांना सहा लाखांना विकण्यात आली. २०२०मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाडे-संकुलांची योजना जाहीर केली. पडून असलेल्या सरकारी घरांपैकी देशभरात काही हजारांपलीकडे ती गेली नाही.

त्याहून जुना दाखला आपल्या वरळीचा. १९२०मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) निघालं. कापसाच्या गाठीमागे रुपया कर बसवला आणि गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायचा विडा उचलला. झाल्या सोळा हजारांच्या आसपास: वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. घरांची एवढी टंचाई असलेल्या शहरात या खोल्या सुरुवातीला मोठ्या संख्येने ओस पडून राहिल्या. का? कामगार त्या वेळी जे भाडं भरत होता त्याहून त्यांचं भाडं जड, आणि वरळी तेव्हा गिरणगावाच्या मानाने आडबाजूला. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणूनही उपयोग झाला. सरकार वाईट मालक होतं हे खरंच. पण ते फसलं भाडं वसूल न झाल्याने नव्हे. भाडं ठरवताना कामगाराच्या पगाराकडे पाहिलं नव्हतं, खर्चाकडे पाहिलं होतं. पहाडीची तीच गोष्ट, शंभर वर्षांनी.

अमेरिकेने दोन्ही आकडे बांधून पाहिले, म्हणून त्यांचा अनुभव आपल्याला जास्त उपयोगी. तिथल्या १९३७च्या गृहनिर्माण कायद्यात सरकारी घरात राहणाऱ्याचं उत्पन्न भाड्याच्या पाचपटीच्या आत हवं, असं स्पष्ट लिहिलं होतं; मोठ्या कुटुंबाला सहापट. दावं होतं, पण गाठ चुकीच्या जागी मारली होती. ज्याची मिळकत वाढली त्याला घर सोडायला लागायचं. नोकरीत बढती मिळाली की शिक्षा. हळूहळू त्या वसाहतींत ज्यांना दुसरं काहीच परवडत नाही असेच उरले, भाडं कमी येऊ लागलं, दुरुस्तीला पैसा उरेना, म्हणून भाडं वाढवलं गेलं. सेंट लुइसमध्ये १९६९ला भाडेकरूंनी भाडंच थांबवलं. त्याच वर्षी सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर बांधलं; १९८१मध्ये ते ३० टक्के झालं. पण कमी भाड्यामुळे पडणारी तूट भरून द्यायला तिथल्या केंद्र सरकारने वेळेवर पुरेसा पैसा दिला नाही. सेंट लुइसच्याच प्रुइट-आयगो वसाहतीतले ३३ टॉवर १९७२पासून सुरुंग लावून पाडले. भाडेनियंत्रणाचे विरोधक हे पाडकामाचं छायाचित्र फार आवडीने दाखवतात. त्यांचा अर्धा मुद्दा मान्य: तूट कोण भरणार हे ठरवल्याशिवाय भाडं बांधू नये. दुसऱ्या अर्ध्यासाठी व्हिएन्नाकडे बघावं. तिथल्या महापालिकेने १९२३मध्ये खास घरबांधणीसाठी कर बसवला, ज्यात मोठ्या बंगल्यांवर चढता दर होता, आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत साठ हजारांवर घरं बांधून ती स्वतःकडेच ठेवली. आजही तिथे उत्पन्न तपासतात ते घरात शिरताना. नंतर कमाई वाढली म्हणून हाकलत नाहीत. त्यामुळे एकाच जिन्यात ट्रामचा चालक आणि शाळेचा शिक्षक राहतात, आणि जिना गळायला लागला की तक्रार करणारा कुणीतरी असतो.

मी व्हिएन्नाच्याही एक पाऊल पुढे जाईन. हाकलू नका, पण दर दोन-तीन वर्षांनी मिळकत पाहा आणि भाडं त्याप्रमाणे वाढवा, मिळकतीच्या पाव ते तीस टक्क्यांपर्यंत, आणि वरची सीमा त्या भागातल्या बाजारभाड्याची. ज्याची परिस्थिती सुधारली तो राहील आणि जास्त देईल, किंवा आपण होऊन दुसरीकडे जाईल. त्याने दिलेल्या जास्तीच्या भाड्यातून शेजारच्या विधवेच्या घराची तूट भरेल. अल्प आणि मध्यम गटाची घरं विकायची तर विका, पण किंमत अशी की गटाच्या वरच्या मर्यादेवर उभ्या असलेल्या कुटुंबाचा हप्ता मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत राहील. तसं होत नसेल तर त्या घरावर त्या गटाची पाटी लावू नका.

पैसा कुठून? उच्च गटापासून सुरुवात करू. २०२३च्या सोडतीत ताडदेवला साडेसात कोटींचं घर होतं. उच्च गटाला वरची मर्यादाच नाही. साडेसात कोटी मोजू शकणाऱ्या माणसासाठी सरकारने चिठ्ठ्या का टाकाव्यात? त्याच्या नशिबाची काळजी वाहणं हे कोणत्या कल्याणकारी राज्याचं काम? अशी घरं जाहीर लिलावाने विका, बाजार देईल तेवढी किंमत घ्या, आणि तो पैसा भाड्याच्या घरांच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवा, जिथून मंत्रालयाला तो दुसरीकडे वळवता येणार नाही. जादा चटई क्षेत्रासाठी बिल्डरकडून घेतल्या जाणाऱ्या प्रीमियमचा काही भाग तिथेच जावा. एवढ्याने सगळं भागेल असा माझा दावा नाही. पण आज ती तूट कुणीच भरत नाही असं थोडंच आहे? आज ती नालासोपाऱ्याहून पहाटे चारला निघणारी बाई भरते, तिच्या झोपेतून.

२०२५च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने ‘माझं घर, माझा अधिकार’ हे राज्याचं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं: २०३०पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक. त्यात नोकरदार महिला, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक आणि औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे, ही बरी गोष्ट. घरकाम करणारी, हातगाडी ओढणारा, बांधकामावरचा बिगारी यांच्यासाठी भाडं कशाच्या आधारावर ठरणार, हे मात्र शोधूनही मला सापडलं नाही.

वरळीला ऑगस्ट २०२५मध्ये बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या मालकीच्या घरात. शंभर वर्षं त्या भिंतींत काढलेल्यांना ते मिळायलाच हवं होतं. सरकारकडे उरलेल्या भाड्याच्या घरांचा मुंबईतला एक मोठा साठा मात्र त्याबरोबर संपतो आहे. त्याच जमिनीवर खर्च भरून काढण्यासाठी विक्रीचे टॉवर उभे राहणार आहेत, आणि ते विकणार आहे म्हाडा. त्यातला एक, फक्त एक, विकू नका. त्याची जाहिरात द्याल तेव्हा अर्जदाराच्या उत्पन्नाच्या रकान्याशेजारी भाड्याचा रकाना छापा, आणि दोन्ही आकडे एकाच दिवशी जाहीर करा.